ख्रिस्ती–यहुदी संवाद आणि मूलतत्त्ववाद: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या बायबल अभ्यासवर्गांत, युवक मेळाव्यांत, उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात उभ्या उभ्या जे प्रश्न निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न ख्रिस्ती मंडळींचे आहेत, काही कॉलेजातल्या हिंदू-मुस्लिम मित्रांचे. उत्तरं लिहिणारा ख्रिस्ती आहे, त्यामुळे झाडाझडती मुख्यतः आपल्याच घराची आहे. यहुदी समाजाच्या वतीने बोलायचा अधिकार आपल्याला नाही, तो इथे कुठे गाजवलेला दिसला तर जरूर हटका.

कोल्हापुरात यहुदी आहेतच कुठे? मग संवाद करायचा कोणाशी?

खरं आहे. इथे सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, नाही. जवळची म्हणावीत ती पुण्यात: कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात २,४६६ यहुदी नोंदले गेले, देशभरात ४,६५०. आपल्या एखाद्या मोठ्या तालमीच्या मिरवणुकीला याहून जास्त गर्दी असते.

पण माणूस समोर नसला की त्याच्याविषयी काहीही बोलून चालतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. दर रविवारी आपण दाविदाची स्तोत्रं म्हणतो, यशयावर उपदेश ऐकतो, आणि त्याच तासाभरात 'यहुदी लोक हट्टी', 'देवाने त्यांना टाकलं' अशी वाक्यंही सहज येऊन जातात. पुण्या-मुंबईत बाकावर शेजारी एखादा यहुदी मित्र बसलेला असू शकतो. आपल्याकडे हरकत घेणारं कोणी नाही. म्हणून कोल्हापुरातला निम्मा संवाद म्हणजे कोणी ऐकत नसताना आपण काय बोलतो ते तपासणं. उरलेला निम्मा घाटाखाली आणि पुण्यात आहे, आणि तो मराठीत होऊ शकतो. ही सोय जगातल्या फार थोड्या ख्रिस्ती लोकांना आहे.

मराठीत? यहुदी मराठी बोलतात?

बेने इस्राईल हे कोकणातले मराठी यहुदी. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि वाचलेली माणसं आसपासच्या गावांत पांगली. तेलाचा घाणा हा धंदा, शनिवार हा धर्माने ठरवलेला विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, दिवेकर, नवगावकर, केहीमकर, राजपूरकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलं.

त्यांच्या सणांची जुनी नावं ऐकण्यासारखी आहेत. नववर्ष म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण. एस्तेर राणीच्या गोष्टीचा सण पुरीम, त्याला होळीचा सण म्हणत, कारण तो त्याच सुमाराला येतो. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दिवसाचा उपवास म्हणजे बिरड्याचा रोजा. 'बिरडं' आणि 'रोजा' एका नावात नांदतात. कोकणातल्या शेजाराचं याहून चांगलं कागदपत्र मिळायचं नाही.

आणि मलिदा. संदेष्टा एलिया, त्यांच्या तोंडी एलियाहू हन्नाबी, याच्या नावाने हा विधी होतो. ताटात भिजवलेले पोहे, त्यात साखर, खवलेला नारळ, वेलची, सुकामेवा. भोवती फळं, आणि सुवासासाठी सब्जाची डहाळी किंवा गुलाब. झाडाच्या फळावर म्हणायचा हिब्रू आशीर्वाद वेगळा, जमिनीतून उगवलेल्याचा वेगळा, सुवासाचा आणखी वेगळा. लग्नाच्या वेळी, नवस फेडताना, नवीन घरात जाताना मलिदा करतात. सारफथच्या विधवेचं पीठ आणि तेल सरू न देणारा जो एलिया आपण संडे स्कूलमध्ये शिकलो, तोच हा. पोह्यांच्या ताटाशी त्याची गाठ पडेल असं मात्र आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे १९६० च्या दशकात मुख्य रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, कार्यालयाने त्यांच्या लग्नसंबंधांबाबत शंका काढली, आधी वंशावळ तपासा म्हणून सांगितलं. बेने इस्राईल रस्त्यावर उतरले, आणि १९६४ मध्ये त्यांना सर्वार्थाने यहुदी मानलं जाईल असं जाहीर झालं. शुद्धता मोजायला बसलेला माणूस सुरुवात आपल्याच घरच्यांपासून करतो, त्याचं हे मराठी उदाहरण.

मराठी ख्रिस्ती आणि बेने इस्राईल यांचा आधी कधी संबंध आला होता का?

चांगलाच आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत आणि कोकणपट्टीत शाळा काढल्या. त्यांत बेने इस्राईल मुलं शिकली आणि बेने इस्राईल शिक्षकही होते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. जुन्या कराराची मराठी भाषांतरं झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला धर्म बेने इस्राईलांना आपल्या भाषेत छापील वाचायला मिळाला.

मिशनरींचा हेतू उघड होता, धर्मांतर. झालं ते वेगळंच. बेने इस्राईलांनी शाळा घेतली, हिब्रू घेतलं, छापखान्याचं तंत्र घेतलं आणि धर्मांतर तेवढं जागच्या जागी ठेवून दिलं. फार थोडे ख्रिस्ती झाले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी यहुदी प्रार्थना मराठीत आणल्या, आणि १८७५ मध्ये समाजाची स्वतःची शाळा मुंबईत उभी राहिली.

दुसरी गोष्ट कीर्तनाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राईल मंडळी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर मराठीत कीर्तनं करत: पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळं. इकडे नारायण वामन टिळकांच्या पिढीने ख्रिस्ती कीर्तनं आणि अभंग रूढ केले. एकाच योसेफाची कथा, एकाच चालीत, दोन धर्मांची माणसं गात होती. कोल्हापुरात कधी संयुक्त कार्यक्रम करायचाच झाला, तर चर्चासत्र वगैरेच्या भानगडीत न पडता योसेफाच्या आख्यानाचं कीर्तन ठेवावं, असं आमचं मत. लोक शेवटपर्यंत बसतील तरी.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीतले पोलिश लोक ज्यू होते ना?

हा प्रश्न कोल्हापुरात हमखास येतो. नाही, ते बहुतेक सगळे कॅथलिक होते. १९४० पासून सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हाकललं. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका झालेल्यांपैकी सुमारे ५,००० जण, मुख्यतः बायका, मुलं आणि वृद्ध, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात राहिले. छावणीत चर्च होतं, शाळा होत्या, नाटकं होत. महावीर उद्यानातला स्तंभ त्यांच्याच आठवणीचा.

गोंधळ होतो कारण 'पोलंड, दुसरं महायुद्ध, निर्वासित' म्हटलं की डोळ्यांसमोर ज्यूच येतात. पोलंडमधल्या सुमारे तीस लाख यहुद्यांना नाझींनी मारलं; त्यांना वळिवड्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. पण या विषयाशी छावणीचा एक आडून संबंध आहे. ख्रिस्ती–यहुदी संवादाला विसाव्या शतकात ज्यांनी मोठी गती दिली, त्यांत दोन माणसं पोलंडचीच: वॉर्सात जन्मलेले रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल, आणि ज्यू वर्गमित्रांबरोबर वाढलेले पोप जॉन पॉल दुसरे. हे पोप १९८६ मध्ये रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि २००० मध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी क्षमेची प्रार्थना ठेवून आले.

येशूला यहुद्यांनी मारलं, हे तर बायबलमध्येच लिहिलंय. ते नाकारायचं का?

बायबल नाकारायचं नाही, नीट वाचायचं. वधस्तंभ ही रोमन शिक्षा होती आणि हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा. येशू यहुदी, मरिया यहुदी, बाराही शिष्य यहुदी, वधस्तंभाखाली रडणाऱ्या बायकाही यहुदी. योहानाच्या शुभवर्तमानात 'यहुदी' हा शब्द सत्तरच्या आसपास वेळा येतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचा रोख जेरुसलेममधल्या अधिकाऱ्यांच्या गटावर आहे. मत्तय २७:२५ मध्ये जमाव म्हणतो की त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो. चौकात जमलेल्या त्या काही लोकांचं वाक्य पुढे अख्ख्या समाजाच्या गळ्यात बांधलं गेलं, तेही कायमचं.

त्याचा हिशोब मोठा आहे. १०९६ मध्ये पहिल्या क्रूसेडला, म्हणजे जेरुसलेम घेण्याच्या धर्मयुद्धाला, निघालेल्यांनी वाटेत ऱ्हाईन नदीकाठच्या यहुदी वस्त्या कापून काढल्या. चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने यहुद्यांनी वेगळा पोशाख घालावा असं ठरवलं. १२९० मध्ये इंग्लंडने आणि १४९२ मध्ये स्पेनने त्यांना देशाबाहेर काढलं. नाझी स्वतः चर्चच्या शिकवणुकीवर चालत होते असं नाही, पण युरोपभरच्या शेजाऱ्यांनी दारं का लावून घेतली याचं उत्तर शतकानुशतकांच्या त्या उपदेशांत आहे. फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक यांची बायको आणि मुलगी नाझींनी मारली. त्यांनी उरलेलं आयुष्य याच शिकवणुकीचा शोध घेण्यात घालवलं आणि जून १९६० मध्ये पोप जॉन तेविसावे यांना भेटून ती बदलायची विनंती केली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर केलं. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर सरसकट टाकता येणार नाही आणि आजच्यांवर तर नाहीच, आणि देवाने यहुद्यांना टाकलं किंवा शापलं असं मांडू नये.

प्रत्यक्षात फरक पडतो तो उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला). वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरचे उपदेश चाललेले असतात, उन्हाचा तडाखा, पंखे कुरकुरतात, लहान मुलं पेंगलेली. अशा वेळी पाळकाच्या तोंडून 'मग यहुद्यांनी त्याला खिळलं' हे वाक्य निघतं, आणि पेंगलेलं पोरही तेवढं वाक्य घेऊन घरी जातं. तिथे 'रोमन शिपायांनी' म्हटलं तर उपदेशाचं काहीच बिघडत नाही.

'परूशी' म्हणजे ढोंगी, एवढं तरी म्हणता येईल ना?

नको. परूशी म्हणजे येशूच्या काळचा, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ. येशू काही परूश्यांवर कडाडून बोलला, कारण तो त्यांच्याशी वाद घालण्याइतका जवळचा होता. मंदिर पडल्यानंतरचा यहुदी धर्म परूशी परंपरेतूनच उभा राहिला. चर्च कमिटीतल्या भांडणात एकमेकांना 'परूशी' म्हणताना आपण कोणाच्या तरी पूर्वजांना शिवी देतो. आणि प्रेषित पौल स्वतःला परूशी म्हणवून घेत होता, हेही जाता जाता.

नोस्त्रा एताते कॅथलिकांचं. आम्ही मिशनवाले, आमचा काय संबंध?

१८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासूनची आपली परंपरा प्रोटेस्टंट, म्हणून हा प्रश्न येतो. आपल्या बाजूला प्रोटेस्टंट चळवळीचा जनक लूथर आहे. १५४३ मध्ये त्याने यहुद्यांविरुद्ध जे लिहिलं, त्यात सिनेगॉग जाळा, घरं पाडा, प्रार्थनापुस्तकं काढून घ्या असे सल्ले आहेत. नाझींनी ते लिखाण पुन्हा पुन्हा वापरलं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लूथरन चर्चने १९९४ मध्ये ते जाहीरपणे झिडकारलं. त्याआधी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीलिसबर्ग इथे ख्रिस्ती आणि यहुदी एकत्र बसून शिकवणुकीसाठी दहा मुद्दे ठरवून गेले होते, आणि १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमला स्थापन झालेल्या जागतिक चर्च परिषदेने यहुदीद्वेष हे देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध पाप ठरवलं.

शिवाय ठरावांची वाट बघायची गरजच नाही, रोमकरांस पत्राचे ९ ते ११ हे अध्याय आपल्या बायबलात पहिल्यापासून आहेत. रानटी जैतुनाची फांदी मूळ झाडाला कलम केली आहे, तेव्हा तू मुळाला पोसत नाहीस, मूळ तुला पोसतं, फुशारकी मारू नकोस, असं पौल तिथे बजावतो. द्राक्षाची कलमं करणाऱ्या तासगावकराला हे विशेष समजावून सांगावं लागत नाही.

धर्म मनापासून पाळणारा प्रत्येक जण मूलतत्त्ववादी का?

अजिबात नाही. शनिवारी दिवा न लावणारा यहुदी किंवा पहाटे चारला उठून प्रार्थना करणारी आजी यांच्यापासून कोणाला धोका नाही. हे नाव ज्यांच्यामुळे पडलं, ते मुळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकन प्रोटेस्टंट. १९१० ते १९१५ या काळात निघालेल्या पुस्तिकांतून त्यांनी धर्माची मूलतत्त्वं मांडली. तिथपर्यंतही तक्रार करण्यासारखं फार नव्हतं.

पंचाईत पुढे होते. माझा अर्थ म्हणजेच देवाचा अर्थ, आणि तो न मानणारा देवाचा शत्रू, ही पायरी ओलांडली की हातात काहीही येऊ शकतं. १९९४ मध्ये वेस्ट बँकेतल्या हेब्रोनमध्ये नमाज पढणाऱ्या २९ जणांना बारूख गोल्डस्टीन या यहुदी अतिरेक्याने गोळ्या घातल्या. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी इस्राएलचे पंतप्रधान राबिन यांना मारणारा यिगाल आमीर धर्मशास्त्राचेच दाखले देत होता. जून २०१५ मध्ये गालील समुद्राकाठचं, पाच भाकरी-दोन माशांच्या आठवणीचं चर्च यहुदी अतिरेक्यांनी पेटवलं. आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोवे इथे सिनेगॉगमध्ये गोळीबार करणारा तरुण नियमित चर्चला जाणारा होता. त्याने मागे सोडलेल्या पत्रात येशूच्या मृत्यूचा जुना आरोप होता.

ओळखायची सोपी खूण सांगायची तर: त्या माणसाला समोरच्याविषयी एकही प्रश्न पडत नाही. सगळी उत्तरं आधीच असतात.

आम्ही तर इस्राएलवर प्रेम करतो. झेंडा लावतो, शोफार (मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग) वाजवतो. यात कट्टरपणा कुठे आला?

हल्ली कोल्हापूर-सांगलीकडच्या बऱ्याच नव्या मंडळ्यांत हे दिसतं. स्टेजवर निळा-पांढरा झेंडा, रणशिंगाचा आवाज, खांद्यावर तालीथ ही यहुदी प्रार्थनेची शाल, आणि 'जो तुला आशीर्वाद देईल त्याला मी आशीर्वाद देईन' हे उत्पत्ती १२:३ चं वचन. भावना चांगलीच असते. प्रश्न असा की हे प्रेम नक्की कोणावर आहे?

या विचाराच्या मागे एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी आणि १९०९ मध्ये छापलेलं स्कोफील्डच्या टिपांचं बायबल आहे. त्यातला आराखडा थोडक्यात असा: यहुदी आपल्या देशात परत जमणार, मोठं संकट येणार, त्यात बहुतेक मरणार, उरलेले येशूला मानणार, मग शेवट. म्हणजे आपण ज्यांचा झेंडा लावतो त्यांनी आपल्या नाटकात नेमून दिलेली भूमिका करायची आणि तिसऱ्या अंकात मरायचं किंवा ख्रिस्ती व्हायचं. यहुदी म्हणून जगत राहायला त्या आराखड्यात जागाच नाही. एखाद्या यहुदी माणसाला हे तोंडावर सांगून बघा, त्याच्या चेहऱ्यावरून कळेल. द्वेष करणाऱ्याला यहुदी सैतान दिसतो, या मंडळींना तो भविष्यवाणीतलं पात्र दिसतो. पेणकरकाकू, त्यांची सांधेदुखी आणि नातवाची दहावी या दोघांपैकी कोणालाच दिसत नाहीत.

दुसरं असं की या उत्साहात बेथलेहेम, नाझरेथ, गाझा इथले पॅलेस्टिनी ख्रिस्ती गायब होतात. त्यांची चर्च आपल्याहून कितीतरी जुनी. २००९ मध्ये त्यांनी 'कैरोस पॅलेस्टाईन' नावाचं निवेदन काढून जगभरच्या ख्रिस्ती लोकांना हाक दिली. झेंडा लावणाऱ्या किती मंडळ्यांत त्याचं नाव तरी निघालं?

शोफारचं म्हणाल तर यहुदी परंपरेत तो नव्याच्या सणाला, पश्चात्तापाची हाक म्हणून वाजतो. गाण्याला ठेका म्हणून वाजवला तर यहुदी माणसाला कसं वाटेल, याचा विचार आपणच करावा.

चर्चमध्ये वल्हांडणाचं जेवण करावं का?

वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या आठवणीचा यहुदी सण. यहुदी घरी बोलावणं आलं तर आनंदाने जावं. स्वतः मांडू नये. आजचा वल्हांडणाचा विधी इ.स. ७० मध्ये मंदिर पडल्यानंतर आकाराला आला, तेव्हा येशूने नेमकं हेच केलं असंही म्हणता येत नाही. प्रभुभोजन आपल्याकडे आहे की.

मग यहुद्यांना सुवार्ता सांगायचीच नाही का?

इथे ख्रिस्ती मंडळींचं एकमत नाही, आणि ते आहे असं दाखवण्यात अर्थ नाही. व्हॅटिकनने डिसेंबर २०१५ च्या दस्तऐवजात म्हटलं की कॅथलिक चर्च यहुद्यांसाठी म्हणून खास संस्थात्मक मिशनकार्य चालवत नाही आणि त्याला पाठिंबाही देत नाही. वैयक्तिक साक्ष नम्रपणे द्यावी. सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या अनेक इव्हँजेलिकल मंडळ्यांना हे मान्य नाही.

आम्ही एवढंच सांगू: यहुदी माणूस 'धर्मांतर' ऐकतो तेव्हा त्याला काय आठवतं ते माहीत असू द्या. लांब जायला नको, गोव्यापर्यंत जाऊ. गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगालमधल्या सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या यहुदी घराण्यातले वैद्य. १५६३ मध्ये गोव्यात त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं होतं. १५६८ मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळते म्हणून जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्तांची हाडं उकरून जाळली. संवादाच्या टेबलाखाली धर्मप्रचाराच्या पत्रिका लपवून बसलेल्या माणसाकडे यहुदी संशयाने का बघतात, त्याची मुळं इतकी खोल आहेत. सुवार्ता सांगायची तर उघड सांगा, आणि संवादाला बोलावून सांगू नका.

यहुद्यांच्या बाजूनेही कोणी पुढे येतं का, की आपणच?

येतात. सप्टेंबर २००० मध्ये दीडशेहून जास्त यहुदी विद्वानांनी 'दाब्रू एमेत' हे निवेदन काढलं: ख्रिस्ती आणि यहुदी एकाच देवाची उपासना करतात, आणि नाझीवाद ही ख्रिस्ती घटना नव्हती. दुसऱ्या विधानावर यहुद्यांतच बराच वाद झाला. डिसेंबर २०१५ मध्ये काही ऑर्थोडॉक्स रब्बींनीही ख्रिस्ती धर्माकडे हात पुढे करणारं निवेदन काढलं.

पण रब्बी जोसेफ सोलोव्हेचिक यांची भूमिकाही समजून घ्यायला हवी. १९६४ मध्ये त्यांनी लिहिलं की समाजाच्या प्रश्नांवर एकत्र काम करू, पण श्रद्धेच्या गाभ्यावर वाटाघाटी नकोत, ती प्रत्येक समाजाची खासगी जागा आहे. हा कट्टरपणा म्हणता येणार नाही. शतकानुशतकं चर्चने भरवलेल्या जाहीर वादविवादांत हरण्यासाठीच बोलावले गेलेले लोक असं म्हणणारच. संवाद नको म्हणणाऱ्यालाही शेजारी म्हणून वागवता आलं पाहिजे.

गाझाचं काय? तो विषय काढला की सगळं बिनसतं.

बिनसतंच. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझात मेलेल्यांची संख्या तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे ६०,००० च्या पुढे गेली. त्याच ऑक्टोबरात संत पोर्फिरियसच्या प्राचीन चर्चच्या आवारात आसरा घेतलेली माणसं इस्राएली हवाई हल्ल्यात मेली.

दोन पथ्यं पाळली तर बोलणं शक्य होतं. पुण्या-मुंबईच्या बेने इस्राईल माणसाला इस्राएल सरकारचा वकील समजून जाब विचारायचा नाही. आणि इस्राएल सरकारवर टीका केली म्हणून कोणाला यहुदीद्वेष्टा ठरवायचं नाही. पहिलं पथ्य एका बाजूचे लोक मोडतात, दुसरं दुसऱ्या बाजूचे, आणि काही वल्ली दोन्ही मोडतात.

'ज्यू सगळं जग चालवतात' असे फॉरवर्ड येतात. त्यात तथ्य किती?

शून्य. त्यांचा उगम १९०३ मध्ये रशियात छापलेल्या एका बनावट दस्तऐवजात आहे. तो जुन्या फ्रेंच राजकीय उपहासातून चोरलेला आहे हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्येच दाखवलं. शंभर वर्षं उलटली, फॉरवर्ड थांबत नाहीत.

याच्याच शेजारी आपल्याकडचं हिटलरप्रेम. पुस्तकांच्या गाड्यावर त्याचं आत्मचरित्र यशाचा मंत्र देणाऱ्या पुस्तकांजवळ मांडलेलं असतं, आणि 'शिस्त पाहिजे तर हिटलरच पाहिजे' हे वाक्य चर्चच्या आवारातही ऐकू येतं. ऐकलं की तिथल्या तिथे टोकावं.

इथे आपणच अल्पसंख्य. आपल्यामागे कमी व्याप आहेत का, की दुसऱ्यांची काळजी करायची?

रास्त प्रश्न. प्रार्थनासभेत घुसून 'धर्मांतर चाललंय' म्हणून गोंधळ घालणारे आपल्याला ठाऊक आहेत. म्हणूनच तर. थोड्या लोकांविषयी पसरवलेली अफवा काय करते हे ज्याने भोगलंय, त्याला यहुद्यांची गोष्ट लवकर कळते. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात काय झालं, इंटरनेट बंद करायची वेळ कशी आली, हे इथल्या कोणाला सांगायला नको.

आणि हेच शहर शाहू महाराजांचंही आहे. वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहं उभी केली, त्यांत मुस्लिम, जैन, लिंगायत आणि ख्रिस्ती मुलांचीही होती. राज्य सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, म्हणजे कागदावर तरी आपण एकाच रांगेत आहोत.

आमच्या गटाला लाल देऊळ पाहायला जायचंय. काय काळजी घ्यावी?

आधी परवानगी काढा. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर हल्ला होऊन रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का मारले गेले, तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे. ओळखपत्र प्रत्येकाचं हवं. शनिवार आणि सणाचे दिवस टाळा. पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमाल चालतो. फोटो विचारल्याशिवाय नाहीत. आपण गाण्यांत 'यहोवा' मोठ्याने म्हणतो, ते नाव यहुदी उच्चारत नाहीत. तिथे 'परमेश्वर' म्हणा.

इमारत १८६७ ची, डेव्हिड ससून यांनी बांधवलेली, लाल विटांची, उंच मनोऱ्याची. बाहेरून थेट चर्च वाटते, त्यामुळे पत्ता चुकला असं वाटून परत फिरू नका. ससून यांची समाधी आवारातच आहे.

आणि ते कोल्हापूरला आले तर? तांबडा-पांढरा चालेल का?

पांढऱ्या रश्शातलं नारळाचं दूध चालतं. मांस आणि दूधदुभतं एकत्र न खाण्याचा नियम प्राण्यांच्या दुधाला आहे. बेने इस्राईल स्वयंपाकात याच कारणाने नारळाचं दूध भरपूर. त्यांचा नव्याच्या सणाचा चिकाचा हलवाही त्यातच होतो. अडतं ते मटणापाशी. जनावर त्यांच्या नियमाने, शोहेतने, म्हणजे त्यासाठी शिकलेल्या यहुदी खाटकाने, कापलेलं लागतं, आणि मटणाला दही लावलेलं अजिबात चालत नाही. सगळेच इतकं काटेकोर पाळतात असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारून घ्या. नसेल चालत तर पिठलं-भाकरी, खर्डा आणि वांग्याची भाजी करा. भांडी वेगळी हवीत का तेही त्याच फोनवर विचारा.